तुरटी राहिली

गोपाळकृष्णांना अर्धांगाचा झटका आला आणि कोथरूडच्या त्या सोसायटीतली सगळ्यात धारदार जीभ एका शब्दावर येऊन थांबली. "छान." खिचडी भरवली, छान. डायपर बदलला, छान. पंखा बंद पडला, तरी छान.

याच शब्दासाठी त्यांची सून नम्रता लग्न होऊन आल्यापासून झुरली होती. ती यवतमाळची. मागच्या बाल्कनीत झाडपाल्याच्या रंगांत ओढण्या रंगवून विकायची. सासरे तिच्या पातेल्यांकडे बघून म्हणायचे, "आमच्या सूनबाईंच्या गावाला पाणी नाही. कपडे धुण्यापेक्षा रंगवलेले परवडतात." लोक हसायचे. पुण्यात याला बुद्धी म्हणतात. बाकी सगळीकडे हलकटपणा म्हणतात.

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं. भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर चहा ढवळत सासरे म्हणाले, "कापडावर रंग पक्का बसवते हो. पोटात काही टिकेना, एवढंच." पाहुणे हसले. नवरा अवधूतही हसला, थोडा, खाली बघून. नम्रताला ना रडू आलं, ना राग. ती उठून पातेलं घासायला गेली. तेव्हापासून आत काही हललंच नाही.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावातल्या एका वृद्धसेवा केंद्रात खाट रिकामी झाली होती. हो की नाही, आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दिवसभर सासऱ्यांचं सगळं नम्रताच करायची, म्हणून अवधूतनं ठरवायचंही तिच्यावरच ढकललं होतं.

सकाळी त्यांना आंघोळ घालण्याच्या गडबडीत तिची तुरटी राहिली. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड तुरटीत मुरवायचं, मगच मंजिष्ठेच्या लाल रंगात. तुरटी असली तरच रंग कापडात दात रोवतो. दुपारी ओढणी धुतली तर बादली लाल आणि ओढणी मळकट.

ती तशीच ओली ओढणी घेऊन सासऱ्यांपुढे उभी राहिली.

"छान," ते म्हणाले. ओठाचा एक कोपरा हलला.

अवधूत दारात होता. "बघ ना, किती मनापासून म्हणतायत. माणूस बदललाय गं. नको ना पाठवायला."

"बंद पंख्यालाही छान म्हणतात."

"आधीही त्यांच्या मनात काही नसायचं."

"माझं मूल गेलं होतं, अवधूत. ते बोलले आणि तू हसलास."

"कधी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. नम्रतानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मांजरीला फोन लाव. हो सांग."

"सोसायटीतले काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते बाबांनीच शिकवलंय त्यांना."

अवधूत फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. ती सासऱ्यांजवळ वाकली. "बाबा, उद्या मांजरीला जायचं. आता तिकडेच राहायचं."

"छान."

हनुवटीवर आलेली लाळ तिनं हातातल्या ओढणीनं पुसली. वाईट वाटेल म्हणून जरा थांबली. वाटलं नाही. मग बाल्कनीत जाऊन तिनं तुरटीचं पाणी तापत ठेवलं.