आधी ताईचा चमचा

पदरात पडणार होतं ते असं : अधीक्षकाची खोली, त्या खोलीला खिडकी, हात टेकायला हात असलेली खुर्ची, आणि आजवर जे ‘अहो भाऊ’ म्हणायचे त्यांच्या तोंडून ‘भाऊसाहेब’. त्या बदल्यात पाच डबे म्हणजे फुकटातच म्हणायचं. तळ्याकाठच्या गवतावर सतरंजीची सुरकुती काढता काढता भाऊनं हा विचार पुन्हा एकदा करून घेतला आणि पिशवीतून पहिला डबा काढला.

मोजणी कार्यालयाची ही सालाबादची सहल. पूर्वी तळणाचा वास तळ्याच्या पलीकडच्या काठाला जायचा. गेल्या वर्षी नवे साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर आल्या बाईसाहेब. त्यांना सगळं ताजं, हिरवं, बिनतेलाचं लागायचं. तळलेलं दिसलं की ताट बाजूला सारायच्या आणि ते आणणाऱ्याला त्याहूनही लांब. साहेब कचेरीत सगळ्यांचं ऐकत आणि घरी एकीचंच. खिडकीची वाट बाईसाहेबांच्या पोटातून जाते, हे भाऊनं कचेरीत सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं.

डबे मात्र भाऊचे नव्हतेच कधी. ते करायची त्याची थोरली बहीण. दोघांची लग्नं राहून गेली : तिचं त्याच्यापायी, त्याचं आळसापायी. पन्नाशी उलटलेल्या भावाला ती ‘बाळ्या’ म्हणायची, आणि डबा बंद करण्याआधी प्रत्येकातला उजव्या कोपऱ्यातला एक चमचा आपण खायची.

“आधी मी,” ती म्हणायची. “बिघडलं असलंच काही, तर घरातल्या घरात कळू दे.”

त्यामुळं भाऊच्या डब्यांना कोपऱ्यात नेहमी एक खळगा असे. कचेरी त्याला ताईचा शिक्का म्हणायची. शिक्का असल्याशिवाय माल उचलायचा नाही, अशी थट्टा चाले.

ताई गेल्या वर्षी सहलीनंतर आठवड्याभरात गेली. या वर्षी भाऊ पहाटे उठला आणि त्यानं सगळं स्वतः केलं. काकडी-पुदिन्याचं दही, लिंबू पिळलेली उकडलेली चवळी, भाजलेला लाल भोपळा, मक्याचे दाणे आणि मोड आलेले मूग. चमच्याच्या पाठीनं प्रत्येक डबा सपाट, गुळगुळीत केला. बाईसाहेबांना खळगा उष्टा वाटला असता.

त्यानं दह्याचं झाकण उघडलं. उजव्या कोपऱ्यात खळगा होता.

“काय भाऊ, वाटेतच भूक लागली वाटतं?” टायवाला म्हणाला. हा भाऊच्या हाताखालचा. सहलीलाही टाय लावून यायचा, आणायचा फक्त कागदी ताटल्या, आणि डोळा त्याच खिडकीवर.

“बसच्या हिसक्यानं सरकलं असेल,” भाऊ म्हणाला.

चवळीत खळगा. भोपळ्यात खळगा. मक्यातही. प्रत्येक वेळी उजवा कोपरा, प्रत्येक वेळी एकच चमचा. ऊन डोक्यावर होतं, तरी भाऊच्या पाठीवरून गार पाणी ओतल्यासारखं झालं. पिशवी सबंध वाटभर त्याच्या मांडीवर होती.

मग त्यानं मुगाचा डबा उघडला. मूग सपाट होते. गुळगुळीत. सकाळी त्यानं ठेवले होते तसेच.

“आले का मूग?” बाईसाहेबांनी ताटली पुढं केली. “गेल्या वर्षी तुम्ही चुकवलेत हं.”

गेल्या वर्षी मूग चुकले ते ताईमुळं. सकाळी चौथ्या डब्यानंतर तिनं मुगाचा चमचा तोंडात घातला आणि ती थांबली. “बाळ्या, हा नको नेऊस. जिभेला चिकट लागतोय.”

“अगं, त्यांनी मुद्दाम सांगितलेत!”

“सांगू देत. नाही न्यायचा.”

तो चिडून चार डबे घेऊन गेला. संध्याकाळी आला तेव्हा न्हाणीतून चूळ भरल्याचा आवाज येत होता. पुन्हा पुन्हा.

“ताई, बरं आहे ना गं?”

“आहे रे. तू सांग, साहेब काय म्हणाले?”

आणि भाऊ खुर्चीत बसल्या बसल्या सांगत राहिला. उठला नाही. डॉक्टरनं नंतर हृदयाचं कारण दिलं. भाऊनं ते घाईघाईनं पदरात घेतलं.

या वर्षी मूग त्यानं ताईच्या खोलीत ठेवले होते. खोली वर्षभर बंद, उबदार; मोड लवकर आले. सहल अजून पुढं होती, म्हणून फडक्याची गाठ तशीच राहू दिली. ताईनं गाठ सोडून ते वाऱ्यावर पसरले असते. हे त्याला आत्ता आठवत होतं, ताटली समोर असताना.

“वाढा ना भाऊ,” साहेब म्हणाले.

भाऊचा हात डब्यावर अडला. एका शिरशिरीपायी खिडकी सोडायची? चांगलेही असतील मूग.

“आधी मी,” तो म्हणाला.

सतरंजीवर हशा पिकला. भाऊनं मधोमध चमचा खुपसला आणि तोंडात घातला. जिभेवर काहीतरी बुळबुळीत पसरलं. सगळे बघत होते. त्यानं गिळलं, झाकण लावलं आणि डबा मांडीखाली ओढला.

“बिघडलेत, बाईसाहेब.”

“बिघडलेले आणलेत? आम्हाला?”

“मूग सांभाळता येईनात,” टायवाला ताटल्या वाटता वाटता म्हणाला, “आणि म्हणे कचेरी सांभाळणार!”

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते टायवाल्याशी बोलायला लागले. भाऊला कळायला तेवढं पुरे होतं.

दिवेलागणीला तो घरी पोचला. मूग परसात ओतावेत म्हणून त्यानं डबा उघडला. मधोमध त्याच्या चमच्याची जागा होती. आणि उजव्या कोपऱ्यात एक खळगा.

ते झाकण तळ्याकाठी लागल्यापासून कुणी उघडलं नव्हतं.

त्यानं मूग कुंपणापाशी ओतले आणि स्वयंपाकघरात येऊन, पाहुण्याची वाट पाहावी तसा, पोटदुखीची वाट पाहत बसला. ती येईना. उलट भूक लागली. भाकरीचा तुकडा साखरेशी खाल्ला, तो पचलाही.

मग न्हाणीतून आवाज आला. चूळ भरल्याचा. थोडा थांबला, पुन्हा आला.

या वेळी भाऊ खुर्चीतून उठला. ग्लास काठोकाठ भरला, न्हाणीच्या बंद दारापाशी जाऊन खाली ठेवला.

“ताई,” तो म्हणाला, “पाणी ठेवलंय गं.”

तो भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसून राहिला. हळूहळू आवाज विरळ झाला आणि थांबला.

उजाडल्यावर तो परसात गेला. रात्री स्वयंपाकघरात सांडलेल्या साखरेकडं मुंग्यांची रांग निघाली होती. मुगाच्या ढिगाला वळसा घालून ती पुढं गेली होती. खिडकी टायवाल्याकडं जाणार हे ठरल्यातच जमा होतं. बाईसाहेब चार डबे खाऊन ठणठणीत असणार. भाऊच्या पोटात साधी कळही उठली नव्हती. मुगाची किंमत दोन्ही वेळा ताईनं एकटीनंच मोजली होती.

न्हाणीच्या दाराशी ग्लास होता तिथंच होता. पाणी निम्मं झालं होतं. भाऊनं तो उचलला, पुन्हा काठोकाठ भरला, आणि होता तिथं ठेवला.