शेवटचा फर्मा

आमच्या घरात कादंबरी लिहिणारं माणूस निघेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी डोळे तपासून घे म्हटलं असतं. निघाली ती डोळे तपासणारीच. माझी थोरली जाऊ. मी तिला वहिनी म्हणते. वयात दोनच वर्षांचं अंतर, त्यामुळे अगं-तुगं. चष्म्याच्या दुकानात ती अठ्ठावीस वर्षं लोकांच्या नाकावर ती जड फ्रेम चढवून भिंगं बदलत विचारत आली आहे, "आता बरं, की आधीचं?"

पन्नाशीला आल्यावर तिने पहिली कादंबरी लिहिली. पहाटे पाच ते सात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दुधाचं पातेलं बाजूला सारून. प्रेमकथा, पण माणसं पन्नाशी उलटलेली. तीन प्रकाशकांनी वही साभार परत केली. एकाने लिहिलं होतं, नायिकेचं वय निम्मं केलंत तर विचार करू. वहिनी म्हणाली, "निम्मं केलं तर तिच्या गुडघेदुखीचं काय करू? अख्खं तिसरं प्रकरण त्या गुडघ्यांवर उभं आहे." आणि तिने पुस्तक स्वतःच छापलं.

त्या पुस्तकाच्या प्रती कपाटावर गेल्या, पलंगाखाली गेल्या, शेवटी माझ्या खोलीत आल्या. भावजी, म्हणजे तिचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात आणि मोजकंच बोलतात. ते म्हणाले, "झुरळांची मात्र गैरसोय झाली." वहिनीने हसून दुसरं पुस्तक लिहायला घेतलं. ते दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बाईने टेबलावर ठेवलं, आणि पेशंट आपला नंबर आला तरी उठेनात. तिसऱ्या पुस्तकाला तर लोक दुकानात यायला लागले. चष्मा नको, पुस्तक द्या म्हणायचे. दुकानाचे मालक आधी चिडले, मग एक प्रत बायकोसाठी मागून घेऊन गेले.

सगळं असं छान चाललेलं असताना वाचक मंडळाने तिला बोलावलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे मोठे सर. त्यांचा शब्द शहरात शेवटचा. भरल्या सभेत ते म्हणाले, "बाईंच्या कथा गोड आहेत. पण साखर म्हणजे जेवण नव्हे. शेवटी दोघं एकत्र आलीच पाहिजेत, असा आयुष्याचा नियम नाही." टाळ्या पडल्या. वहिनीनेही वाजवल्या. परत येताना स्कूटरवर मात्र ती एक शब्द बोलली नाही, आणि वहिनी गप्प म्हणजे पाणी मुरतंय.

चौथी कादंबरी 'मोडलेली घडी'. एक लॉन्ड्रीवाली आणि समोरच्या टपरीतला घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. तिचा नवरा वारलेला, याचं लग्नच राहून गेलेलं. मुलीचा, भावाचा, शेजाऱ्यांचा विरोध पचवत दोघं एकमेकांच्या जवळ येतात. आणि शेवटच्या प्रकरणात ती लॉन्ड्री बंद करून दूरच्या शहरात मुलीकडे निघून जाते. तो बसस्टँडवर उभा राहतो. संपलं.

प्रुफं मी तपासली. मी शाळेत शिकवते, लाल पेन हातातच असतं. शेवट वाचताना मला खटकलं. पण माझी खोड अशी की ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मी बोलते, माणूस चुकला तर गप्प बसते.

पुस्तक आलं, गठ्ठे फुटले, पोस्टाने गेलं, दुकानांत गेलं. आठवड्याने पहिला फोन आला. वहिनीने स्पीकर लावला. एक बाई म्हणाल्या, "शेवट फार अचानक केलात हो."

"आयुष्य असंच असतं," वहिनी तोऱ्यात म्हणाली.

दुसरा फोन: "वाचकांच्या कल्पनेवर सोडलंत, धाडसाचं काम केलंत." वहिनी खूश. तिसरा फोन एका बसड्रायव्हरचा होता. तो म्हणाला, "बाकी ठीक आहे ताई, पण शेवटचं वाक्य अर्धंच आहे. 'तिने दार उघडलं आणि'. आणि काय?"

मग मी प्रत उघडली. पान एकशे साठ. 'तिने दार उघडलं आणि'. पुढे कोरं पान आणि पुठ्ठा. लिहिणारीला शेवट पाठ, तपासणारीलाही पाठ, म्हणून दोघींपैकी कुणीच मागचं पान उघडलं नव्हतं.

आम्ही तडक छापखान्यात गेलो. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात आणि मग ते फर्मे एकत्र शिवतात. आमचे अकरा होते, बाइंडरने दहाच शिवले. अकरावा, छापून तयार, वह्यांच्या कागदाखाली दबून पडला होता. छापखान्याचे मालक कानाच्या पाळ्या धरून उभे. "उरलेल्या प्रती पुन्हा शिवून देतो बाई. पण गेल्या त्या गेल्या."

घरी भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "लोक दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेत. आधी त्यांना बाहेर काढा, रडायचं नंतर."

वहिनी रडली नाही. तिने पत्त्यांचं रजिस्टर काढलं. बाहेरगावी पोस्टाने सुटा फर्मा पाठवायचा, दुकानांत सूचना लावायची आणि शहरातल्या वाचकांकडे स्वतः जायचं. "सोळा पानं माझ्या नावावर बाकी आहेत," ती म्हणाली. "पोस्टाचं पुढच्या आठवड्यात. उद्या रविवार आहे, पिशवी भर."

रविवारी ती स्कूटरवर पुढे, मी मागे, मांडीवर पिशवी. आधी बसड्रायव्हर. डेपोच्या कँटीनमध्ये त्याने फर्मा दोन्ही हातांनी घेतला. त्याच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं. "मुखपृष्ठावर बाई-माणूस आहेत ना, पोरं चिडवतात," तो लाजून म्हणाला. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने उरलेल्या कोऱ्या पानावर स्वतःच शेवट लिहून टाकला होता आणि वहिनीला तो वाचायला लावला. दुपारपर्यंत अकरा घरं झाली. जो तो आम्हाला बसवत होता, चहा पाजत होता. वहिनी खुलली होती. "हे आधीच करायला हवं होतं," ती म्हणाली. "लोक चष्म्याशिवाय कसे दिसतात ते तरी कळलं."

बारावं घर तिसऱ्या मजल्यावर, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. एकच खोली. खिडकीपाशी मशीन, भिंतीला लागून पलंग, पलंगावर त्यांचे यजमान. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. बाई त्यांना रोज दहा पानं वाचून दाखवायच्या.

"शेवटावरून आमचं रोज भांडण," बाई हसत म्हणाल्या. "मी म्हणते लग्न करतील. हे म्हणतात, लग्न-बिग्न नाही, दोघं मिळून एकच दुकान काढतील. बघा, पाटीसुद्धा काढून ठेवलीय."

उशाशी एक कागद टाचलेला होता. डाव्या हाताने, थरथरत्या रेषेत काढलेली पाटी: 'लॉन्ड्री व घड्याळ दुरुस्ती'. पेंटर पलंगावरून वहिनीकडे टक लावून बघत होते.

वहिनीने फर्मा पुढे केला. बाईंनी तो उभ्या उभ्या मनातल्या मनात वाचला. सोळा पानं वाचायला वेळ लागतो. आम्ही पंख्याचा आवाज ऐकत बसलो. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी करून मशीनवर ठेवला.

"हे मी ह्यांना वाचून दाखवणार नाही."

"का हो?"

"हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकशे साठ पानं ती बाई कुणाच्या बापाला भीत नाही, आणि शेवटी एकदम पिशवी उचलून पोरीकडे? कुणीतरी तुमच्या मागे उभं राहून लिहून घेतलंय."

वहिनी जराशी ताठ झाली. "आयुष्यात सगळंच गोड होत नाही."

"ते मला सांगताय?" बाईंनी पलंगाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "हे पडले तेव्हा बहीण म्हणाली, चल माझ्याकडे. मी राहिले. त्यात गोड काय होतं? जाणं सोपं असतं बाई. राहायला दम लागतो. तुमच्या बाईला राहू द्या. हवं तर भांडू द्या."

पलंगावरून पेंटर अडखळत म्हणाले, "जा-णार... नाही ती."

खाली उतरताना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर वहिनी बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"तुलाही असंच वाटलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मोठ्या सरांसाठी लिहितेयस असं वाटलं. म्हटलं, तुला हवं असेल."

एक माणूस सिलिंडर घेऊन वर गेला, त्याला वाट द्यायला आम्ही भिंतीला चिकटलो. मग ती उठली. "मला वाटलं होतं, रडवलं म्हणजे मोठं लिहिलं. घरी चल. आता एकही फर्मा कुणाला द्यायचा नाही."

नऊ पहाटा ती टेबलाशी होती. अट एकच, पानं सोळाच हवीत. पेंटरांची पाटी वापरू का, असं तिने आधी फोन करून विचारलं. ते हो म्हणाले, तेही लगेच. नव्या शेवटात लॉन्ड्रीवाली दार उघडते, आणि दारात तो हत्यारांची पेटी घेऊन उभा असतो. दुकान एक करायचं ठरतं. मग इस्त्रीच्या वाफेने घड्याळं गंजतील यावरून चार पानं कडाक्याचं भांडण होतं. मधे लाकडी आडोसा घालायचा, तर तो कुणाच्या बाजूने किती, यावर आणखी दोन पानं. त्या भांडणात त्यांचं सगळं प्रेम आलं होतं. मी लाल पेन हातात घेऊन वाचत होते आणि शेवटी लक्षात आलं, की टोपण काढायचंच राहिलंय.

छापखान्याचे मालक म्हणाले, "आणि जुना फर्मा?"

"रद्दीत."

"छापलेला माल बाई!"

"तुमच्या बाइंडरने विसरून माझ्यावर उपकार केलेत. त्याला ओरडू नका, पण पुढच्या वेळी फर्मे माझ्यासमोर मोजायचे."

नवी सोळा पानं सगळ्यांना गेली. ज्या अकरा जणांना आधीचा शेवट मिळाला होता, त्यांना सोबत चिठ्ठी: 'आधीच्या पानांत मी दुसऱ्याचं ऐकलं होतं. ही माझी आहेत. हवी ती ठेवा.' मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं की त्यांना दोन्हींपेक्षा स्वतःचाच शेवट बरा वाटतो. बसड्रायव्हरने जुना ठेवला. "स्टँडवर रोज निरोप बघतो ताई, मला ते खरं वाटतं." वहिनी म्हणाली, "मग तुमच्यासाठी तोच खरा." मला वाटलं होतं तिला लागेल. तिला काहीच लागलं नाही.

शिवणकामवाल्या बाईंकडे ती स्वतः गेली आणि पलंगाशी बसून मोठ्याने वाचलं. आडोशाच्या भांडणाला पेंटर इतके हसले की बाईंना त्यांना पाणी पाजावं लागलं. मग ते म्हणाले, "आडोसा... त्याने... रंगवायला हवा." वहिनीने तिथल्या तिथे मार्जिनमध्ये लिहून घेतलं.

वाचक मंडळाच्या पुढच्या सभेत मोठे सर म्हणाले, "बाई, पुन्हा गोड शेवट." वहिनी जागेवरून उठली. "सर, शेवटची सहा पानं भांडण आहे. वाचलंत ना?" सर चष्मा पुसायला लागले. सभेत हशा पिकला. वहिनी मात्र हसली नाही. खाली बसून तिने शेजारणीला कार्यक्रम किती वाजता संपतो ते विचारलं.

'मोडलेली घडी' महिन्याभरात दुसऱ्यांदा छापली, यावेळी आडोसा रंगवून. दोन प्रकाशकांची पत्रं आली. पाचव्या कादंबरीतल्या नायिकेचं वय निम्मं करायला आता कुणी सांगत नव्हतं. वहिनीने दोघांनाही आभाराचं कार्ड पाठवलं आणि हस्तलिखित आपल्याच छापखान्यात दिलं. आतली पानं छापून झाली तेव्हा ती मुखपृष्ठाचा कागद घेऊन तिथे गेली. मुखपृष्ठावरची अक्षरं तिने पेंटरांकडून लिहून घेतली होती, डाव्या हाताने. त्यांना त्याला तीन आठवडे लागले. ओळ उजवीकडे जराशी उतरली होती आणि शेवटचं अक्षर बाकीच्यांपेक्षा मोठं झालं होतं.

मालकांनी कागद उजेडाकडे धरला. "बाई, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत सरळ करून देतो."

"हात लावाल तर खबरदार," वहिनी म्हणाली आणि खुर्ची ओढून फर्मे मोजायला बसली.