मोजणाऱ्याची सही

बुधवारी, १४ मे रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शीतल आधुडेने सोयाबीनच्या एकशे सतरा नंबर लॉटचा उगवण तक्ता सही न करता भागवत सानपांच्या टेबलावर परत ठेवला.

सानप जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीत प्रयोगशाळा प्रमुख आहेत. शीतल ही कुंभार पिंपळगाव या गावची, कृषी पदवीच्या शेवटच्या सत्रात शिकते. हे सत्र वर्गात होत नाही. चार महिने कंपनीत काम करायचं, रोजची नोंद वहीत लिहायची आणि शेवटी वहीवर कंपनीचा सही-शिक्का घ्यायचा. शिक्का नसेल तर पदवी अडते. शीतलचे सोळा दिवस उरले होते.

मोजणी तिचीच होती. ओल्या कागदात गुंडाळलेले चारशे दाणे तिने आठव्या दिवशी उलगडले. शंभरात सरासरी साठ कोंब निरोगी निघाले. बारा वेडेवाकडे होते, कुणाला मूळ नव्हतं, कुणाचा शेंडा कुजलेला. बाकीचे मेलेले. विक्रीसाठी निदान सत्तर निरोगी कोंब लागतात. तक्त्यावर सानपांनी बहात्तर लिहून ठेवले होते.

"ते बारा कोंब न्हाईत का मंग?" सानप म्हणाले.

"मूळ नसलेला कोंब मातीत जगतो का, सर?"

"जगला न्हाई तर पाऊस कमी पडला म्हणत्यात लोक. कर सही जल्दी, उद्या माल भरायचाय."

"बहात्तर तुम्ही लिहिले. सही तुम्हीच करा."

शेजारच्या टेबलावर दैवशालाबाई कागद भिजवत होत्या. प्रयोगशाळेतल्या त्या सर्वांत जुन्या कामगार. मान वर न करताच त्या म्हणाल्या,

"सायब कशाला करतील, बाई? चार सालापासून त्या सहीच्या रकान्यात कॉलेजची पोरंच हायेत. पोरं जातेत निघून. तक्रार आली की शिकाऊ पोरगं व्हतं, चुकलं म्हनायला मोकळे."

"दैवशाला, कागद भिजव."

"भिजवूनच राह्यले की."

शीतलने कपाट उघडून जुन्या तक्त्यांची फाईल काढली. सानप उठेपर्यंत तिने सात-आठ पानं उलटली होती. 'मोजणी करणार' या रकान्यात दर वर्षी वेगळं नाव होतं. गेल्या वर्षीचं नाव प्रितमचं. तो तिच्याच कॉलेजचा, एक वर्ष पुढचा. जुलैत त्याच्या लॉटची तक्रार आली, कॉलेजने 'निष्काळजीपणा' असा शेरा मारून त्याचा निकाल रोखला. तेव्हा कँटीनमध्ये शीतलच म्हणाली होती, प्रितमला शंभरपर्यंत आकडे येतात का ते आधी विचारा. सगळे हसले होते. प्रितमही तिथेच बसला होता.

प्रितमच्या तक्त्यावर एकाहत्तर हा आकडा सानपांच्या अक्षरात होता.

"हे शिकवायला आणता का आम्हाला?" ती ओरडली. आवाज गोदामापर्यंत गेला. हमाल दारात येऊन उभे राहिले. "पोरांचं वर्ष घालवता आणि वर शिक्का मारून उपकार करता?"

"मॅडम, वही माझ्याकडं हाय," सानप शांतपणे म्हणाले आणि त्यांनी तिची वही ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

शीतलने पेन घेतलं, बहात्तरवर आडवी रेघ ओढली, बाजूला साठ लिहिलं आणि त्या साठपुढे सही केली.

दुपारी तीन वाजता कॉलेजातून खरात सर आले. शिकाऊ मुलांना कंपन्यांत जागा मिळवून देणं हे त्यांचं काम. त्यांनी शीतलला बाहेर कडुनिंबाखाली बोलावलं.

"ह्या कंपनीत आपल्या बारा जागा आहेत. पुढच्या वर्षी एकही देणार नाहीत. ज्युनिअर पोरींनी जायचं कुठं?"

"सर, प्रितमच्या वेळी तुम्ही मोजणी बघितली होती?"

"विषय तो नाही."

"विषय तोच आहे. तुम्ही हजेरीसुद्धा फोनवर घेता. एकदा आत येऊन चारशे दाणे मोजा. शंभरात बहात्तर निरोगी भरले तर मी बहात्तरवर सही करते."

खरात सर आत गेले नाहीत. "तुझ्या वडिलांशी बोलतो," एवढं म्हणून ते गाडीत बसले.

गुरुवारी सकाळी गेटवरच्या माणसाने शीतलला आत सोडलं नाही. त्याच दिवशी सानपांनी नवा तक्ता तयार करून तो दुसरी शिकाऊ विद्यार्थिनी मुस्कान हिच्यासमोर ठेवला, असं दैवशालाबाईंनी फोनवर सांगितलं. शीतलने मुस्कानला लगेच फोन लावला.

"तू एकटीच शहाणी हैस का?" मुस्कान चिडून म्हणाली. "तुझ्यामुळं आता माझी वही पण अडकली. कुणी सांगितलं होतं ओरडायला?"

"तू मोजलेस का ते दाणे?"

"मी कशाला मोजू?"

"मग सही कशाची करतेस?"

मुस्कानने फोन ठेवला.

त्याच्या तक्त्यावरचं अक्षर सानपांचं आहे हे शीतलने सांगितल्यावर शनिवारी दुपारी प्रितम तिच्यासोबत कॉलेजात आला. जुने तक्ते आणि एकशे सतरा नंबरची मोजणी तपासावी, असा दोघांचा अर्ज कार्यालयाने घेतला, पण पोच दिली नाही. वह्या जमा करण्याची शेवटची तारीख ३१ मे आहे. शीतलची वही सानपांच्या ड्रॉवरमध्ये आहे. संध्याकाळी पाचपर्यंत लॉट गोदामातून हललेला नव्हता. मुस्कान शुक्रवारपासून कामावर आलेली नाही, तिचा फोन बंद आहे, आणि नव्या तक्त्यावर तिने सही केली की नाही हे दैवशालाबाईंनाही माहीत नाही.