सगळ्यांचे श्वास वीस

मी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बोलतोय. टीचभर उंची, कमरेत बारीक, पण मापाला पक्का.

साकीनाक्याला काचेच्या नळ्या फुंकणाऱ्या कारखान्यात जन्मलो. पुढे मरोळच्या कुंडलिकशेठच्या दुकानात तीन वर्षं धूळ खाल्ली, पण फुकट नाही. शेठ म्हणायचे, "घासाघीस करणारं गिऱ्हाईक कुठे जात नाही. गप्प उभं असतं ना, त्याच्यावर डोळा ठेवावा."

१९८४ साली मालन सिस्टरनी मला घाटकोपरच्या एका इस्पितळात, तातडीच्या रुग्णांच्या खोलीत नेलं. तिथे नाडी मोजत, ताप मोजत. श्वास मात्र कुणी मोजत नसे. कागदावर सरसकट 'वीस'. म्हातारा वीस, पहिलवान वीस. एकाला आणलं तेव्हा तो गेलेलाच होता, त्याचेही वीस!

सिस्टर मला उलटं करून प्रत्येकाचे श्वास मोजत आणि वहीत टिपत. सहा महिन्यांनी वही बोलू लागली: मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास भरलेल्या दर चौघांतला एक घरी परतला नव्हता.

एके दुपारी अतिदक्षता विभागात एकच खाट उरली. इकडे पाय मोडलेला रिक्षावाला गुणाजी छप्पर डोक्यावर घेत होता. तिकडे भाजीवाल्या सुंदराबाई भिंतीला टेकून म्हणत होत्या, "माका काय झाला नाय, वायच दम लागता."

"खाट गुणाजीला द्या," डॉक्टर विद्याधर म्हणाले. "कसा बोंबलतोय बघा."

"डॉक्टर, बोंबलायला श्वास लागतो. आजींकडे तोच नाही."

"सिस्टर, तुमची ती बाटली ठेवा हो बाजूला!"

"मग तुम्हीच मोजा ना. एकच मिनिट."

डॉक्टरांनी चिडून मला उलटं केलं. अर्धी वाळू उतरली तेव्हाच त्यांचे ओठ एकोणिसावर होते. शेवटचा कण पडला.

"अडतीस," ते हळूच म्हणाले. "आजींना आत घ्या."

दोन तासांनी सुंदराबाईंचा श्वास थांबायला आला. पण सगळं उशाशी तयार होतं, डॉक्टरसुद्धा. गुणाजी तोवर प्लास्टर घालून चहा मागत होता.

बाराव्या दिवशी सुंदराबाई स्वतःच्या पायांनी निघाल्या. मला तळहातावर घेऊन म्हणाल्या, "एवढोसो दिसता, पण माझो जीव राखल्यान गो!" त्याच आठवड्यात डॉक्टरांनी कुंडलिकशेठकडून माझे सहा भाऊ मागवले. न मोजता 'वीस' लिहिलेला कागद ते आता सरळ परत पाठवतात.

पाच वर्षं झाली. काच ओरखडली, पण चाल तीच आहे. तुमच्या घरात कुणी "काही नाही, जरा दम लागतोय" म्हणालं, तर पूर्ण मिनिटभर त्याच्या छातीकडे बघा. श्वास तीसच्या वर गेले की मोजत बसू नका. रिक्षा बोलवा.