उंच बैलाची हाडं

मी फैजपूरच्या शिवारातला एक उंच बैल आहे, मित्रांनो. सध्या गोठ्यात आडवा पडलो आहे, म्हणून माझी उंची तुम्हाला दिसणार नाही.

वासरू असताना मी फार हूड होतो. दावं तोडून केळीच्या बागेत घुसायचो. माझा मालक झिपरू वैतागला आणि त्याने मला खच्ची करायचं ठरवलं. त्याची म्हातारी आई बेबाबाई मध्ये पडली.

"आरे, त्याले दोन दात त येऊ दे! आजून गाईले पेते त्ये."

"दातायची वाट पाहू का बाग राखू, माय?"

त्याच दिवशी काम उरकलं. मी गरीब झालो आणि मग नुसता वाढतच गेलो. बरोबरीची वासरं वाढायची थांबली, माझे पाय मात्र लांबत राहिले. शेजारचा शालिग्राम म्हणायचा, "झिपरू, बैल पोसला का उंट?"

"तुले देखवत नाही का रे?" म्हणत झिपरू माझ्या पाठीवर थाप मारायचा. बोदवडच्या बाजारात लोक मान वर करून मला पाहत. मलाही वाटायचं, उंच म्हणजे मजबूत.

काही वर्षं मी सावद्याच्या स्टेशनापर्यंत केळीची गाडी ओढली. यंदा नाल्याच्या उतारावर चाक घसरलं आणि आम्ही दोन्ही बैल गुडघ्यांवर आलो. माझा जोडीदार चांद्या अंग झटकून उठला. माझा पुढचा पाय वाळक्या काटकीसारखा मोडला.

गुरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला. "झिपरूभाऊ, याला फार लहानपणी खच्ची केलं का?"

झिपरूने मान खाली घातली.

"वाढत्या वयात नराच्या गाठींतून एक रस रक्तात उतरतो. तो हाडं भरीव करतो आणि त्यांचं लांबणं वेळेवर थांबवतो. तोच तुम्ही तोडलात. याची हाडं लांबली, भरली नाहीत."

"आता देता येईन का तो रस, डाक्टरसाहेब?"

"वाढीचं वय गेलं, भाऊ."

पाय सांधला नाही. एका कुशीवर पडून अंगाला जखमा झाल्या आहेत. झिपरू चारा तोंडाशी आणतो, पण माझ्याकडे पाहत नाही.

आज शालिग्राम मला पाहायला आला. त्याच्या दारातही एक हूड वासरू आहे. "घाई करू नको," झिपरू त्याला कळवळून म्हणाला.

"एवढ्या उंच बैलाले नजर लागनारच रे," म्हणत शालिग्राम निघून गेला.

मित्रांनो, वासराची वाढ पुरी होऊ द्या. कोवळेपणी काढून घेतलेलं मागाहून पेंड चारून परत देता येत नाही. शालिग्रामला हे सांगायला मला वाचा नाही. त्याच्या अंगणात आता माणसं जमली आहेत. त्यांच्या हातात दोर आहे आणि वासरू खेळ समजून त्यांच्याकडे धावत जात आहे.