एक किलो गोष्ट

तुम्हीच सांगा, भरवसा कुणावर ठेवावा? ‘वा, काय सुंदर लिहिलंस!’ म्हणणाऱ्या मैत्रिणीवर, की ‘छे, तुला काही जमायचं नाही’ म्हणणाऱ्या स्वतःच्या मनावर? माझं ऐकाल तर दोघांनाही बाजूला बसवा आणि माझ्याकडे या. मी तराजू बोलतोय. रद्दीच्या दुकानातला. मला ना लिहिता येतं, ना वाचता. पण एक अख्खी कादंबरी मी उचलली आहे, आणि हे सांगताना माझी दांडी आजही ताठ होते.

माझा पहिला मालक खिळेमोळे विकायचा. जिभेवर साखर, आणि माझ्या एका पारड्याच्या पोटाला मेण! चोरी त्याची, बदनामी माझी. तपासनीस आला, माल जप्त झाला आणि लिलावात मला रद्दीवाल्या काकांनी घेतलं. त्यांनी आधी मेण खरवडलं. मग म्हणाले, “आता खोटं बोलायचं काम नाही, बरं का.” तेव्हापासून मी खोटं बोललो नाही.

काका शाळेत गेले ते चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण रद्दीतून. गठ्ठा माझ्यावर चढवण्याआधी वरची चार पानं वाचल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. एकदा एक माणूस प्रेमपत्रांची पिशवी घेऊन आला. काका म्हणाले, “पत्रं आम्ही आल्या दिवशी तोलत नाही. चार दिवस राहू द्या.” तिसऱ्याच दिवशी तो धापा टाकत आला आणि पिशवी छातीशी धरून गेला. गिऱ्हाईक गेलं, पण काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अशा या दुकानात लेखिकाबाई यायच्या. नोकरी विमा कचेरीत. कादंबरीसाठी वर्षभराची बिनपगारी रजा घेतलेली. दर शनिवारी पंधरावीस लिहिलेली पानं रद्दीत द्यायच्या. एका शनिवारी काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाई, रागवू नका. पण ही सगळी पहिलीच पानं आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे तीन महिने झाले, तुमचा नावाडी दोरीच सोडतोय. होडी हलायची कधी?”

आतून काकू म्हणाल्या, “अहो, आत बसलेल्यांचे पाय आखडले असतील!”

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. पहिलं पान मनासारखं उतरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम होता. रजेचे दहा आठवडे उरले होते. “या रजेत झालं नाही, तर लिहिण्याचा नाद कायमचा सोडणार, काका. घरात सगळ्यांना सांगून बसलेय.”

काकांनी माझ्या दांडीवरची धूळ झटकली. “मग आजपासून तुमची सुटी पानं बंद. किलो भरला तरच घेईन. एकाच गोष्टीची पानं, आकडे घालून, एकापुढे एक. दोनशे होतील.”

“दोनशे! आणि वाईट झाली तर?”

“होऊ द्या की. इथे भाव वजनाला आहे, अकलेला नाही.”

त्यांनी कोपऱ्यातून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी. “चांगला कागद बघून हात बिचकतो. यावर लिहा. याची अब्रू आधीच गेलीय. दर शनिवारी तोलायला आणा, वाचणार कुणी नाही.”

पहिल्या शनिवारी पन्नास ग्रॅमचं वजन जेमतेम उचललं गेलं. दुसऱ्या शनिवारी दोनशेचं. चौथ्या शनिवारी बाई पडक्या चेहऱ्यानं आल्या. होडी भर नदीत अडकली होती, पुढे काय होतं तेच सुचेना. काका म्हणाले, “गठ्ठ्याची गाठ सुटेना तर मी तिथेच बसत नाही, पुढचा गठ्ठा बांधतो. ‘इथे काहीतरी होतं’ एवढं लिहून ठेवा आणि पैलतीर गाठा. मधलं मागाहून.”

सहाव्या शनिवारी मी चमकलो. गठ्ठा मागच्यापेक्षा हलका!

“हे काय?” काकांनी विचारलं. “आपण पुढे चाललोय का मागे?”

“वीस पानं फारच टाकाऊ होती. काढली.”

“आहेत कुठे?”

“टोपलीत.”

“आणा ती परत. अहो, ती वीस टाकाऊ लिहिली म्हणून एकविसावं सुचलं. त्यांची मजुरी बुडवू नका.”

बाई घरी जाऊन चुरगळलेली पानं घेऊन आल्या.

मग उजाडला शेवटचा शनिवार. सोमवारी कचेरीत हजर व्हायचं होतं. एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात गठ्ठा. मी जीव एकवटून पाहिलं, पण गठ्ठा अधांतरीच.

“तीनचार पानं कमी आहेत,” काका म्हणाले.

“शेवट राहिलाय,” बाई पुटपुटल्या. “तो तरी चांगला व्हायला हवा ना?”

“घाला हो वरून चार कोरी पानं,” काकू म्हणाल्या. “कोण बघतंय?”

“हा बघतोय,” काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि चार पाठकोरी पानं गल्ल्यावर सरकवली.

बाई उभ्यानंच लिहायला लागल्या. दोनदा थांबल्या, एकदा रडल्या, पण पेन खाली ठेवलं नाही. तासाभरानं त्यांनी चौथं पान ठेवलं. माझं पारडं हळूच खाली आलं आणि काटा मधोमध उभा राहिला.

“घेऊ का मग? ठरल्या भावानं?” काकांनी विचारलं.

“हात लावू नका, काका!” बाईंनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बाई सोमवारी कामावर गेल्या. आता रोज सकाळी तासभर लिहून मगच बाहेर पडतात. ते दोनशे कागद खोडून-सुधारून पुन्हा लिहिणं चाललंय. दुकानात आकडे दाखवणारं नवं यंत्र आलंय, मी खुंटीला टांगलेला असतो. त्याचं मला दुःख नाही. हजारो मण कागद तोलले. तोलून परत घरी गेलेला एवढा एकच.

जाता जाता एक विनंती. तुम्हीही काही लिहीत असाल तर हिशेब खरा ठेवा. खोडलेलं पानही जमेला धरा, आणि जे नुसतं मनात लिहिलंय, ते मात्र एका ग्रॅमनंही धरू नका.