छपराखालचं आणि उघड्यावरचं

मित्रांनो, न्हाणीच्या कोपऱ्यात पालथी पडलेली ही पत्र्याची बादली दिसतेय ना, ती मी. तुमच्या घरी निळ्या-गुलाबी प्लास्टिकच्या बादल्या असतील, त्यामुळे माझ्या काळवंडलेल्या अंगाकडे बघून नाक मुरडू नका. माझंही एक आयुष्य झालं आहे. ते फारसं सुखाचं नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

गारगोटीच्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला घडवलं. पत्रा कापला, वाकवला, ठोकून ठोकून माझे कान किटवले आणि वर कडी अडकवली. चिमणाबाई नावाच्या बाईने मला बोटाने वाजवून पाहिलं, पाणी भरून गळते का ते पाहिलं, मगच घेतलं. तिच्या लेकीचं, अनुजाचं, लग्न ठरलं होतं. रुखवतात लोकरीच्या बाहुल्या आणि साखरेचे बंगले होते, आणि त्यांच्या मधोमध मी. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चिमणाबाई म्हणाली, "हसा की. पर बंगल्यात काय धुणं भिजतंय व्हय?" मला तेव्हापासून त्या बाईचा फार अभिमान वाटतो.

मी अनुजाबरोबर कोल्हापूरला मंगळवार पेठेत आले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि जिना चढून गेलं की गच्ची. अनुजाचा नवरा राजवीर शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत लोखंडाच्या ओतकामाला होता. त्याच्या कपड्यांतून काळी वाळू निघायची आणि माझ्या तळाशी बसायची. पुढे अवनीचा जन्म झाला, आणि माझ्यात दुपटी भिजू लागली. ते माझे चांगले दिवस.

अवनी तीन वर्षांची असताना ती फौंड्री बंद पडली. अनुजाला कागलजवळच्या एका सूतगिरणीत तपासणीचं काम मिळालं. दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी बसने परत यायचं. राजवीर आपण होऊन म्हणाला, "तू जा कामाला. घर मी बघतो." आणि खरं सांगते, त्याने बघितलं. पहिल्यांदा भाकरीचे नकाशे झाले, पण महिन्याभरात ती टम्म फुगायला लागली. भांडी, केर, अवनीची वेणी, सगळं तो मन लावून करायचा. असा माणूस शंभरात एखादा, असं मला वाटायचं.

एकदा सकाळी तो धुणं घेऊन गच्चीवर गेला. शेजारच्या गच्चीवर हंबीरराव खुर्ची टाकून बसले होते. सगळी पेठ त्यांना आण्णा म्हणते. माणूस वाईट नाही, पण जीभ सैल.

"काय रं राजवीर, सूनबाईची परकरं बी तूच वाळत घालतोस व्हय? मग कपाळाला कुकू बी लाव की," ते म्हणाले आणि खो खो हसले.

राजवीरही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्याने राहिलेले कपडे तसेच माझ्यात कोंबले आणि मला खाली आणलं.

संध्याकाळी तो अनुजाला म्हणाला, "अनू, सोपं करूया. छपराखालचं समदं माझं. उघड्यावरचं तुझं."

"उघड्यावर हाय काय आसं? धुणं वाळत घालायचं आणि दारात रांगोळी," अनुजा म्हणाली. "बरं, घालतो मी." आमच्याकडच्या बायका 'घालते' म्हणत नाहीत, 'घालतो' म्हणतात.

दोघांना वाटलं, कामं वाटून झाली. मलाही तसंच वाटलं.

पण अवनीला शाळेत सोडून राजवीर धुणं धुवायचा दहा वाजता, आणि अनुजा यायची संध्याकाळी सातला. तोवर पिळलेले कपडे माझ्या पोटात तसेच. बाहेर रखरखीत ऊन आणि आत कुबट वास. अवनीच्या बाकावरची मुलगी एकदा नाक धरून लांब सरकली. ते ऐकल्यापासून राजवीर रोज पहाटे उठून गणवेश इस्त्रीने वाळवायचा. वीस मिनिटं इस्त्री फिरवेल, पण गच्चीचं दार ओलांडणार नाही. माझ्या पत्र्याच्या डोक्यात हे कधीच शिरलं नाही.

अशी चार वर्षं गेली. अनुजा गिरणीतून यायची, पर्स खुंटीला अडकवायची आणि पाणीसुद्धा न पिता मला उचलायची. माझी कडी हाताला काचते म्हणून तिने तिला जुन्या साडीची चिंधी गुंडाळली होती. मग तिचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी बजावलं, जड उचलायचं नाही आणि हात वर न्यायचा नाही.

"खांदा बरा हुईस्तोवर वरचं तुमी बघा," ती राजवीरला म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने मागितलेलं हे एवढंच.

"उद्यापासनं बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला खरोखर उचललं. मी हरखून गेले. अख्खा जिना तो न थांबता चढला. गच्चीचं दार उघडं होतं. दोरी दारापासून चार पावलांवर. पलीकडे हंबीरराव कुंड्यांना पाणी घालत होते. राजवीर थबकला. त्याने मला दाराच्या आतल्या बाजूला, शेवटच्या पायरीवर ठेवलं आणि तो खाली निघून गेला.

संध्याकाळी अनुजा आली. न्हाणीत मी नाही हे बघून तिचा चेहरा उजळला असेल, कारण खालून तिचा आवाज मला ऐकू आला. "घातलं व्हय वाळत? लई बरं केलासा. बसा, काढून मी आणतो." भाकरी थापल्याचा आवाज तेवढा चालू राहिला. ती गाणं गुणगुणत जिना चढली, वाळलेले कपडे गोळा करायला.

शेवटच्या पायरीवर मी होते.

ती माझ्याशेजारी बसली. माझ्या कडीवरची चिंधी तिने हाताने नीट केली. मग उठून डाव्या हाताने एकेक कपडा दोरीवर टाकू लागली. राजवीर मागून दारापर्यंत आला.

"एवढा जिना चढून आणलीसा," ती मागे न बघता म्हणाली. "म्हंजे वजनाचं काय न्हवतं."

"आण्णा व्हता गं तितं."

"माझ्या कापडांची लाज वाटती तुमास्नी. मला वाटत व्हतं, धुण्याच्या कामाची वाटती."

साडी तिला एका हाताने पसरता येईना. अजूनही तो बाहेर आला असता तर, मित्रांनो, मला वाटतं सगळं निभावलं असतं. पण पलीकडे खुर्चीत आण्णा बसलेले होते. तो दारातच उभा राहिला.

भांडण झालं नाही. महिन्याभराने अनुजाने गिरणीजवळ कागलात खोली घेतली आणि अवनीचं नावही तिकडच्या शाळेत घातलं. मला तिने नेलं नाही. "खांद्याला झेपत न्हाय," एवढंच म्हणाली. तिच्या आईने वाजवून घेतलेली बादली मी. मला त्या दिवशी रडू आलं असतं, पण बादलीत पाणी दुसऱ्यानेच भरावं लागतं.

आता राजवीर आपले चार कपडे घेऊन रोज दहाच्या उन्हात गच्चीवर जातो. एक दिवस हंबीररावांनीच विचारलं, "राजवीर, सूनबाई दिसंनात त्या?"

राजवीरला राहवलं नाही. "आण्णा, तुमी त्या दिवशी म्हणालासा न्हवं, कुकू लाव म्हणून."

आण्णा बराच वेळ आठवत राहिले. "मी? कवा रं? मला काय ध्यानातच न्हाय बघ."

राजवीरने मला पालथी घातली आणि तो माझ्यावर बसून राहिला.

त्या रविवारी तो मला मांडीवर घेऊन बसने कागलला गेला. अनुजाच्या खोलीपुढे दोरी होती. धुणं नुकतंच धुऊन झालं होतं. भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्याने तिची साडी झटकली आणि चारही कोपरे ओढून वाळत घातली. कुणी हसलं नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही. अनुजा उंबऱ्यात उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवलं नाही.

"आता माझं मी घालतो," ती म्हणाली. "शिकलोय एका हातानं."

तिने त्याला चहा दिला. अवनीने त्याला बसपर्यंत सोडलं. मी परत त्याच्या मांडीवर होते, रिकामी.

मित्रांनो, मला घासा, पुसा, जपा असं मी म्हणणार नाही. पत्रा आहे, गंजणारच. पण तुमच्या घरात कामांची वाटणी होईल तेव्हा एवढं बघा, ज्याची आपल्याला लाज वाटते तेच आपण दुसऱ्याच्या वाट्याला ढकललं नाही ना. आणि आईची ओली साडी बादलीत दिसली, तर आजच ती उन्हात न्या. ती साडी घरात आहे तोवरच न्या.